राखडोक्या आणि पट्ट्या

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मासे साफ केले. तीर्थपुरीच्या बाजारातून मी चिलापी आणली होती, हाताएवढ्या आठ. कौसा अंगणात विळी घेऊन बसली, मी समोर राखेची पाटी घेऊन. राख लावल्याशिवाय आता माझ्या बोटांत मासा थांबत नाही. एक सुटून मातीत पडली तर कौसा म्हणाली, "भोयाच्या हातून मेलेला मासा पळून राह्यलाय. कुणाला सांगू नका, जातीतून काढतील." मी म्हणालो, "तुझ्या विळीची धार गेली. तोंडाची तेवढी राह्यली." तेवढ्यात वरून काहीतरी पाखरू गेलं, सावली अंगणातून सरकली. तिनं खवल्यांचा हात कपाळाला लावून वर बघितलं आणि "घार हाये, साधी" म्हणून परत मान खाली घातली. मग कालवण-भाकरी खाल्ली. ती म्हणाली, मीठ कमी पडलं. मीठ बराबर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेवर आडवी झाली ती उठली नाही. लोक भेटायला येतात आणि विचारतात, शेवटी काय बोलल्या? मी सांगतो, मीठ कमी पडलं म्हणाली. लोकांना ते बरं वाटत नाही. त्यांना काहीतरी मोठं पाहिजे असतं.

त्याला सात महिने झाले. पोरगा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे. तो म्हणतो, बाबा, इकडं या, एकटे बसून काय करता. तिकडं गेलो की दिवसभर लोखंड आदळल्याचा आवाज, आणि संध्याकाळी सून विचारते, बाबा, टीव्ही लावू का. चांगली पोरगी आहे. पण मी दोन दिवसांत परत येतो. इथं एकटा बसून काय करायचं, तर लिहायचं ठरवलं. मी चौथी शिकलेला माणूस, त्यामुळं चुका निघतील, त्या तुमच्या तुम्ही दुरुस्त करून घ्या. जन्मसाल, वंशावळ मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असती तरी त्यात काय मजा आहे? मला एवढंच लिहायचंय की ही बाई माझ्या घरात कशी आली. जवळजवळ आलीच नसती. दोन पाखरांमुळं राहून गेली असती, आणि त्यात पाखरांची काही चूक नव्हती.

आमचं घर गोदावरीच्या काठाला, गावाच्या खालच्या अंगाला, भोयांच्या आठ-दहा घरांतलं एक. घरात तीन माणसं. बा, माय आणि मी. थोरल्या दोघी बहिणी नांदायला गेलेल्या. घराला दार होतं, पण ते लावल्याचं मला आठवत नाही, कारण दारात कायम जाळं वाळत असायचं. बाभळीची साल मोठ्या मडक्यात उकळायची आणि त्या तांबड्या पाण्यात जाळं बुडवून ठेवायचं, म्हणजे सूत कुजत नाही. तो तुरट वास आमच्या अंगाला, गोधडीला, भाकरीलासुद्धा यायचा. शाळेत मास्तर फळ्याकडं तोंड करून उभे असले तरी म्हणायचे, "रंग्या आला वाटतं." सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी. एक मायच्या पाट्या-वरवंट्याचा, आणि दुसरा जाळ्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या मण्यांचा, बा ओट्यावर उभा राहून जाळं झटकायचा तेव्हाचा. हिवाळ्यात नदी आखडली की आम्ही वाळूत टरबुजाच्या वाड्या लावायचो, त्यांना पाणी घालता घालता दिवस जायचा. जेवायला बाजरीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेले वाळके झिंगे आणि ठेचा. माझ्या मते याच्यापुढं कुठलं हॉटेल नाही. माय मात्र रोज कावायची, "मासा बाजाराला अन् झिंग्याच्या मिशा आपल्याला."

बा कमी बोलायचा. बोलला तर पाखरांबद्दल. आमच्या धंद्यात चांगल्या माणसाचे डोळे पाण्यात नसतात, झाडावर असतात. पाण्यात काय आहे ते पाण्याकडं बघून कळत नाही, ते वर बसलेल्याला विचारावं लागतं. आमच्या नदीवर मासे खाणारी दोन मोठी पाखरं होती, दोन्ही घारीपेक्षा चांगली थोराड, दोन्ही एकाच कुळीची. एक राखडोक्या, दुसरा पट्ट्या. ही नावं आमच्या भोयांची. राखडोक्या बारमाही. डोकं राखेत बुडवून काढल्यासारखं, छाती तपकिरी, पोट आणि मांड्या पांढऱ्याशुभ्र, सणाला नवी चड्डी घातल्यासारख्या. तो एक डोह धरून राहतो. शांत पाण्यावर वाकलेल्या फांदीवर तास न् तास बसायचं, मासा वर आला की उतरायचं, उचलायचं, परत त्याच फांदीवर. कष्टकरी माणूस. संध्याकाळी तो घुमल्यासारखा ओरडायचा, आणि लहानपणी मी तो आवाज ऐकून मायच्या पदरात घुसायचो.

पट्ट्या त्याच्याहूनही मोठा. डोकं आणि मान फिकट पिवळी, वाळल्या कडब्यासारखी, बाकी अंग सगळं गडद, पोटसुद्धा. तो थंडीला यायचा आणि ऊन तापायच्या आत निघून जायचा. मासा तोही मारतो, भला मोठा मारतो, पण त्याचं बूड एका जागी टिकत नाही. बगळ्याच्या चोचीतलं हिसकव, घारीच्या पायातलं पाड, एखादं बदक उचल, वाळूवर काही मेलेलं पडलं असेल तर तेही चालतं. ओरडणं तेल न घातलेल्या रहाटासारखं, अर्ध्या कोसावर ऐकू जाईल असं. म्हणून आमचा नियम सोपा होता. राखडोक्या बसलाय म्हणजे खाली मासा आहे. पट्ट्या बसलाय त्यावरून काहीच ठरत नाही, तो नुसता दम खात बसला असेल. पण लांबून, उन्हात किंवा धुक्यात, दोघांची डोकी सारखीच वाटतात. खरा फरक शेपटीत. राखडोक्याची शेपूट पांढरी आणि टोक काळं. पट्ट्याची शेपूट काळी आणि मधोमध रुंद पांढरा पट्टा. बा म्हणायचा, "माणूस तोंडावरून वळखायचा, पाखरू शेपटीवरून. शेपूट बघितल्याबिगर जाळं खांद्यावरून काढायचं न्हाई." हे मी हजार वेळा ऐकलं होतं. हजार वेळा ऐकलेलं माणसाला ऐकू येत नाही.

मधी एकदा घनसावंगीच्या एका गुरुजींनी मला पुस्तकात ही दोन्ही पाखरं दाखवली, समोरासमोरच्या पानांवर. त्यांनी वाचून सांगितलं की दोघंही मत्स्यगरुड, आणि समुद्राच्या काठाला यांचा आणखी एक भाऊबंद असतो, पांढऱ्या पोटाचा, त्याला समुद्रगरुड म्हणतात. सगळी एकच भावकी. मी घरी येऊन कौसाला सांगितलं तर ती म्हणाली, "भावकीच हाये. म्हणून तर एकाच्या तोंडचं दुसरा खाऊन राह्यलाय." राखडोक्या मला दिसून कित्येक वर्षं झाली. काठची झाडं गेली, वाळू गेली. बंधाऱ्यात पाणी मोप आहे, पण त्यावर वाकलेली फांदी पाहिजे ना. पट्ट्याही आता साऱ्या जगातच थोडे राहिलेत म्हणे. असो. त्यावर रडायला ही वही काढलेली नाही.

आमच्याकडं सोयरिकीची एक रीत होती. आता कुणाला सांगितली तर हसतात. पोरगी बघायला गेलं की पोरानं पोरीच्या गावच्या डोहात जाळं टाकायचं. जाळं त्याचं, जागा त्यानंच निवडायची, फेकी तीन. पोरीकडच्यांनी डोहाबद्दल एक शब्द सांगायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही. तिकडं घरी खोबरं, कांदा, तीळ भाजून वाटण आधीच तयार ठेवायचं. मासा निघाला की कालवण, दोन्ही घरं एका पंगतीला, कुंकू लागलं. नाही निघाला तर पिठलं. कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही. ताटात पिठलं दिसलं की पाव्हण्यांनी समजून घ्यायचं, पोटभर जेवायचं, पिठल्याची तारीफ करायची, मुक्काम करायचा आणि सकाळी निघायचं. मला ही रीत अजून चांगली वाटते. आता मोबाइलवर पोराची माहिती पाठवतात आणि महिना-महिना उत्तर देत नाहीत. त्यापेक्षा पिठलं बरं.

तर संक्रांत झाल्यावर बा, माय आणि मी निघालो. कौसाचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, वाळूवाळूनं पायी अर्ध्या दिवसाची वाट. माझ्या अंगात तेव्हा वारं भरलेलं. आमच्या आसपासच्या चार गावांत माझ्यासारखं जाळं कुणी फेकत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते म्हणत असताना मी जवळपास असेन याची मी काळजी घ्यायचो. कौसाचा बाप लिंबाजी वाळूत उतरून सामोरा आला. गलमिशा, मोठा आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. घरात बायकोच्या माघारी त्याची बहीण मथुराआत्या सगळं बघायची. आम्हाला ओट्यावर बसवून कौसा पाणी घेऊन आली. मी मान वर करून बघितलं, तर ती माझ्याकडं नाही, माझ्या जाळ्याकडं बघत होती.

"पाव्हणं, दोन मणी तुटलेत."

"गप गं!" मथुराआत्या आतून ओरडली. "पाव्हण्याला आल्या आल्या असं बोलत असतेत व्हय?"

"तुटलेत तर तुटलेत म्हणू न्हाई?"

मी बघितलं, खरंच दोन मणी तुटले होते. वाटेत चार माणसांनी त्या जाळ्याची तारीफ केली होती, पण हे कुणाला दिसलं नव्हतं. मला ती तिथंच पसंत पडली. सावळी, उंच, पुढचा एक दात जरा तिरका. हसताना तो ओठावर यायचा, आणि ती तो झाकायची नाही.

तिसऱ्या प्रहरी आम्ही डोहावर गेलो. आठ-दहा गडी, माय, घागरी घेतलेल्या चार पोरी, त्यांत कौसा, आणि बा आणि लिंबाजी मागं तमाखू मळत. ऊन पाण्यावर तिरकं पडून डोळ्यांत येत होतं. डोह लांबलचक पण चिंचोळा होता आणि पल्याडच्या अंगाला दाट पाल्याचा एक जुना आंबा पाण्यावर वाकलेला. त्यात एक मोठं पाखरू बसलेलं. पाल्यातून फक्त डोकं दिसत होतं, उन्हात फिकट, राखेसारखं. मी मनात म्हणालो, राखडोक्या. अजून दहा पावलं बाजूला सरकलो असतो तर शेपूट दिसली असती. पण दहा पावलं सरकणारा पोरगा चाचपडतोय असं दिसतं, आणि समोर कौसा उभी होती. मी तिथंच कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि आंब्याखाली जाळं फेकलं.

फेक अशी पडली की लोकांनी "वा!" केलं. थाळीसारखी गोल. जाळ्याच्या आवाजानं पाखरू उडालं, पण सगळ्यांचे डोळे जाळ्यावर होते, माझेसुद्धा. ओढलं तर एक शिंपला. दुसरी फेक, एक कासव. ते माझ्याकडं असं बघत होतं जसा काही मीच त्याच्या जाळ्यात आल्तो. तिसरी फेक मी देवाचं नाव घेऊन टाकली. एक झिंगा निघाला.

काठावर वाद सुरू झाला. माय म्हणाली, "झिंगा बी पाण्यातच राहतो की. धरा त्याला."

मथुराआत्या घरून वाटण सोडून आल्ती. ती म्हणाली, "धरू. पण एका झिंग्याचं कालवण सतरा माणसांत कसं वाटायचं ते बी सांगा, पाव्हणीबाई."

सगळे हसले. रीतीप्रमाणं मीही हसायला पाहिजे होतं. पिठलं खाऊन घरी गेलो असतो, गोष्ट संपली असती. पण माझ्या कानशिलांना आग लागली होती. मी पाण्यातून बाहेर येत म्हणालो, "राखडोक्या बसलेला डोह रिकामा कसा? इथं कुणीतरी दारू फोडलीय."

हे म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. विहीर खोदायला सुरुंगाची दारू लागायची, आणि काही हरामखोर ती डोहात फोडून एका दमात सगळे मासे मारायचे. मोठ्यांबरोबर पिल्लं, अंडी, सगळं जातं. तो डोह पुढं कित्येक वर्षं मेलेला. भोयाला चोर म्हटलेलं चालेल, पण डोह मारला असं म्हटलेलं चालत नाही. ज्या गावावर हा आळ आला तिथं कुणी पोरगी देत नाही आणि तिथली करीत नाही. हसणाऱ्या माणसांनी लिंबाजीकडं बघितलं.

लिंबाजी हळू म्हणाला, "थंडीत इकडं पट्ट्या बी येऊन बसतो, पाव्हणं."

बानं मला विचारलं, सगळ्यांसमोर, "रंग्या, शेपूट बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो. "पांढरी. टोक काळं."

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी खोट्या बोललो असेन, पण इतकी बराबर रंगवलेली एकच. बानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिंबाजीकडं वळला. बाला वाटलं असणार, इतक्यांदा शिकवलंय, हा यात खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, "माझं पोरगं शेपूट बघितल्याबिगर जाळं काढत न्हाई. आता तुमी काय ते बोला."

"मी काय बोलू?" लिंबाजी म्हणाला. त्याचा मोठा आवाज कुठं गेल्ता कुणास ठाऊक. "दारात बोलावलेल्या पाव्हण्याला खोटा म्हणू? त्यानं बघितली म्हणजे बघितली. मंग आमी डोह मारला, असंच झालं की." आणि तो एकटाच घराकडं चालायला लागला. त्याचा हात कुणाच्याही खांद्यावर नव्हता.

मी जाळं धुवायच्या निमित्तानं मागं राहिलो. दिवस बुडायला टेकला होता. वाळूत पाण्यासाठी खोदलेल्या झिऱ्यावर कौसा वाटीवाटीनं घागर भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"पाव्हणं, शेपूट कशी होती म्हणाले?"

"सांगितलं की. पांढरी."

"अस्सं. मला तर काळी दिसली. मधी हा एवढा पट्टा." तिनं ओल्या हातानं वीत करून दाखवली. "तुमी समदे जाळ्याकडं बघून राह्यले होते. मी पाखराकडं. पंधरा दिवस झाले येऊन राह्यलंय ते. रोज सकाळी बी त्याच आंब्यावर. परवा एका बगळ्याला असं पिदाडलं!"

मला घाम फुटला. थंडीत. मी म्हणालो, "मंग तिथं कामून न्हाई बोलली?"

"मी बोलले असते तर काय झालं असतं? तुमी खोटे पडले असते. पोरीनं पाव्हण्याला खोटं पाडलं म्हणून लोक चार दिवस हसले असते, अन् माझ्या बापाचा डोह सुटला असता." तिनं वाटी घागरीत टाकली. "पण बापाच्या डोहाचं मी बघून घेईन. सकाळपर्यंत थांबते. तुमाला तोंड हाये का न्हाई ते मला बघायचंय. जाळं तर येतंय तुमाला फेकता."

"मी कबूल केलं तर मंग तू... म्हंजे आपलं..."

"लई जल्दी झाली व्हय पाव्हण्याला?" ती म्हणाली आणि घागर डोक्यावर घेऊन गेली. तिरका दात दिसला का नाही, ते मला मावळत्या उजेडात कळलं नाही. पुढं पन्नास वर्षं मी तिला विचारत होतो, तू तेव्हा हसलीस का. ती म्हणायची, आठवत न्हाई.

जेवायला पिठलं आलं. लसणाची फोडणी, वर हिरवी मिरची, गरम भाकरी. मायनं रीतीप्रमाणं तारीफ केली, आणि मग रीत सोडून खरीच केली. "बाई, बेसनात काय घालता तुमी? असं पिठलं तर मला जल्मात जमलं न्हाई." मथुराआत्या इतका राग असूनही तिला सांगायला लागली, आधी पीठ कोरडं भाजायचं, मंग. दोघी चुलीपाशी बसून बोलत राहिल्या. पण लिंबाजीनं ताटाला हात लावला नाही. भाकरी मोडली, बाजूला ठेवली, आणि म्हणाला, "तुमी जेवा. मेलेल्या डोहावरच्या माणसाला भूक कसली." बाही दोन घासांवर उठला. मी मात्र जेवलो. पोटात काही जात नव्हतं तरी सगळं खाल्लं, कारण थांबलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं रे.

सकाळी बानं उजाडायच्या आत गाठोडं बांधलं. मायला म्हणाला, चल, या गावचं पाणीसुद्धा नको. मी ओट्यावरून उतरलो आणि म्हणालो, "बा, आधी डोहावर चला. लिंबाजीमामा, तुमी बी चला. समदेच चला." बाला वाटलं मी आणखी भांडण काढतोय, तो खुशीत निघाला. लिंबाजी रोजच्यासारखं आपलं जाळं खांद्यावर टाकून आला. म्हणाला, पाव्हणे भांडतील तर भांडतील, मला धंदा हाये. मागं मथुराआत्या, माय, शेजारपाजारचे, आणि घागर घेऊन कौसा.

पाण्यावरून वाफ निघत होती. आंब्यात पाखरू होतं. पण पुन्हा तेच, नुसतं डोकं बाहेर, बाकी सगळं पाल्यात. आम्ही उभे राहिलो. पाखरू बसलं होतं. कुणीतरी शिंकलं, ते हललं नाही. मी टाळ्या वाजवल्या, ते हललं नाही. काठावरची सगळी माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली की रात्रीतून याचं डोकं फिरलं. शेवटी मी पायातली वहाण काढली आणि आंब्यावर भिरकावली. वहाण पाल्यात अडकली ती अडकलीच, पण पाखरू उठलं, दोन पंख मारून आमच्या डोक्यावरून वळलं, आणि वळताना त्यानं शेपूट पंख्यासारखी उघडली. काळी. मधी रुंद पांढरा पट्टा. तान्ह्या पोरालाही कळावं असा. वरून ते रहाटासारखं करकरलं आणि खाली नदीच्या वळणाकडं गेलं.

"पट्ट्या हाये," मी मोठ्यानं म्हणालो. "काल बी हाच होता. मी शेपूट बघितलीच न्हाई. खोटं बोललो. या डोहात कुणी दारू फोडली न्हाई. डोह जित्ता हाये."

बानं मला एक ठेवून दिली. अशी की कानात बराच वेळ कुणीतरी पाट्यावर वाटत होतं. मग तो लिंबाजीसमोर गेला, डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि म्हणाला, "ही माझ्याकडची झाली. तुमची बाकी हाये, द्या."

लिंबाजी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी डोळे मिटले आणि दुसरा गाल पुढं केला. बराच वेळ काही आलं नाही. डोळे उघडले तर तो माझ्या रिकाम्या खांद्याकडं बघत होता.

"जाळं कुठंय?"

"तुमच्या ओट्यावर."

"कामून न्हाई आणलं?"

"तीन फेकी झाल्या, मामा."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. नदीकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं जाळं उतरवून माझ्याकडं दिलं. "त्या सोयरिकीच्या झाल्या," तो म्हणाला. "ही धंद्याची. मला आज एक हात कमी हाये. येतोस का?"

ते जाळं माझ्या जाळ्यापेक्षा जड होतं, बाभळीचा वास तोच होता. मी ते खांद्यावर घेतलं आणि एका पायात वहाण, एक पाय उघडा, असा काठाकाठानं वरच्या अंगाला निघालो. माझ्या मागं वाळूत बरीच पावलं येत होती, आणि त्यांत एका घागरीचा आवाज होता. मला वळून बघायचं होतं. बघितलं नाही. मी मान वर करून एकेक झाड बघत चाललो होतो.